फुग्यामागची बाई

कॉमिकच्या फुग्यातले शब्द कोणाचे, हा प्रश्न वाचकाला सहसा पडत नाही. कादंबरी हातात घेतली की आधी लेखकाचं नाव दिसतं आणि नाटकाच्या जाहिरातीत लेखक-दिग्दर्शक ठळक असतात. कॉमिकच्या मुखपृष्ठावर मात्र नायकाचं नाव असतं, आणि ते इतकं मोठं असतं की बाकी कोणाच्या नावाला जागाच उरत नाही. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. त्यातला वेताळ मराठीतून वाचत वाढलेल्या आमच्या पिढीला ली फॉक हे नाव कळलं ते पुष्कळ उशिरा. घाटकोपरला स्टेशनाजवळच्या एका वाचनालयात हे अंक दिवसाच्या भाड्याने मिळत. ती रांग बहुतेक मुलग्यांची असे. एकदोन मुली असायच्या, त्यातली एक मी. वेताळाची डायना, पुढे १९७६पासून आबिद सुरतींच्या बहादूरची बेला या आम्हाला आवडत. बेला तर मारामारीतही तयार होती. तरी गोष्टीच्या कळीच्या पानावर ती बांधलेली किंवा पळवलेली तरी सापडायची, नाहीतर बहादूरच्या अर्धा पाऊल मागे.

पुढे मी स्वतः काही वर्षं इंग्रजी चित्रकथांचे मराठी अनुवाद केले. नव्वदचं दशक होतं, मुलुंडला घरी बसून करण्यासारखं काम होतं, पानामागे दर ठरलेला होता. छापलेल्या पुस्तकावर माझं नाव कधी आलं नाही. ज्यांच्यासाठी करत होते त्यांच्याकडे तशीच पद्धत होती, आणि मलाही त्यात वावगं वाटत नव्हतं. जिल लेपोर या अमेरिकन इतिहासकार बाईंचं वंडर वूमनच्या गुप्त इतिहासावरचं पुस्तक २०१४मध्ये आलं. ते वाचताना एका नावाशी मी थबकले. ते नाव जॉय हमेल. या लेखाची सुरुवात खरं तर तिथली आहे.

तिच्याकडे जाण्याआधी हे काम चालतं कसं, ते थोडक्यात सांगायला हवं. सुपरहिरोचं कॉमिक लिहिणाऱ्याला चित्र काढता येण्याची गरज नसते. तो किंवा ती एक संहिता लिहिते. तिचं रूप नाटकाच्या संहितेच्या जवळचं आहे, पण हिशेब जास्त कडक. पान किती चौकटींचं, प्रत्येक चौकटीत काय दिसतं, कोण कुठे उभं आहे, कोणाचा फुगा आधी वाचला जायला हवा, निवेदनाची पट्टी वर की खाली, हे सगळं तिला ठरवावं लागतं. अमेरिकेतला मासिक अंक आज साधारण वीस-बावीस पानी गोष्टीचा असतो. पानाला पाच-सहा चौकटी धरल्या आणि फुग्यात वीस-पंचवीस शब्दांच्या वर गेलं की चित्र झाकलं जातं हे लक्षात घेतलं, तर एका अंकात लेखकाला मिळणारे शब्द एखाद्या बेताच्या लघुकथेइतकेच असतात. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत काय ठेवायचं, हा स्वतंत्र विचार असतो, कारण पान उलटायला लावायचं असतं. उत्तम संहितालेखक चौकटींच्या मधल्या रिकाम्या पट्टीत गोष्ट घडवतात: एका चौकटीत उगारलेला हात, पुढच्या चौकटीत पडलेला माणूस. फटका वाचकाने मनात मारायचा.

दुसरी गोष्ट मालकीची. या धंद्यात पात्र कंपनीचं असतं. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन पोरसवदा मुलांनी १९३८मध्ये सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले, ही कथा प्रसिद्ध आहे. त्यानंतर कुणीही लिहिलं तरी ते मजुरीवर लिहिलेलं. लेखक येतात, जातात, पात्र राहतं. त्यामुळे लेखकाचं नाव छापणं हा बराच काळ कंपनीच्या मर्जीचा भाग होता. बॅटमॅनच्या जडणघडणीत निम्म्याहून अधिक वाटा असलेल्या बिल फिंगरचं नाव बॅटमॅनसोबत अधिकृतपणे येऊ लागलं ते २०१५मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चार दशकांनी. पुरुषांची ही गत असेल तर बायकांची काय असेल, असं वाचकाला वाटेल. पण बाईच्या बाबतीत यात आणखी एक पेच आहे, तो जॉय हमेलच्या गोष्टीत दिसतो.

वंडर वूमन पहिल्यांदा छापून आली १९४१च्या अखेरीस. तिचा जनक विल्यम मोल्टन मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ. रक्तदाबावरून खोटं पकडण्याच्या चाचणीवर काम केलेला, स्त्रियांच्या हाती जगाचा कारभार जाणार असं जाहीरपणे सांगणारा आणि खासगी आयुष्यात एलिझाबेथ व ऑलिव्ह बर्न अशा दोन स्त्रियांसह एकाच घरात राहणारा विलक्षण गृहस्थ. वंडर वूमनच्या मनगटावरची गोळ्या परतवणारी कडी ही ऑलिव्ह बर्नच्या हातातल्या कड्यांवरून सुचलेली. सगळ्या कथांवर नाव छापलं जाई ते ‘चार्ल्स मोल्टन’ हे टोपणनाव.

मार्स्टन न्यूयॉर्कमधल्या कॅथरीन गिब्स या सचिवपदाचं शिक्षण देणाऱ्या शाळेत मानसशास्त्र शिकवायचा. तिथल्या एका विद्यार्थिनीचा घरी लिहून आणायचा पेपर त्याला इतका आवडला की मार्च १९४४मध्ये त्याने तिला चहाला बोलावून नोकरीच देऊ केली. ती जॉय हमेल. तेव्हा तिला वीस वर्षंही पुरी झाली नव्हती. सुरुवातीला टंकलेखन, मग कथासूत्रांची चर्चा, आणि लवकरच स्वतंत्र संहिता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मार्स्टनला पोलिओ झाला. तो घराबाहेर पडू शकेना. मग हमेल रायमधल्या त्याच्या घरी आणि मॅनहॅटनमधल्या कचेरीत येरझाऱ्या घालू लागली. संहिता संपादक शेल्डन मेयरकडे नेणं, चित्रकार हॅरी पीटरशी बोलणं, अंक वेळेवर बाहेर पडतो की नाही ते पाहणं हे सगळं तिच्याकडे आलं. तिने सत्तरहून अधिक संहिता लिहिल्या. छापलेल्या प्रत्येकीवर चार्ल्स मोल्टनच.

तिच्या संहिता मार्स्टनपेक्षा वेगळ्या होत्या का? होत्या. मार्स्टनच्या वंडर वूमनला दर अंकात साखळ्या, दोर, बेड्या यांत अडकवलं जाई. त्याच्या मानसशास्त्रीय सिद्धांताचा तो भाग होता असं तो म्हणे; संपादकांना त्याची डोकेदुखी होती. हमेलच्या कथांत ते फार कमी. तिचा ओढा परीकथेकडे होता. तिची पहिली छापली गेलेली कथा शुक्रग्रहावरच्या पंख असलेल्या मुलींची आहे. आपल्या संहिता मेयर लवकर मंजूर करायचा, कारण त्यात तसला मसाला नसे, असं तिने उतारवयात सांगितलं आहे. मला यातली गंमत अशी वाटते की, जगातली सर्वांत प्रसिद्ध सुपरहिरोइन काही वर्षं एक विशीतली मुलगी लिहीत होती, आणि ती तिला कमी बांधत होती, हे त्या काळच्या एकाही वाचकाला कळण्याची सोय नव्हती. एका पुरुषाच्या कल्पनेतली स्वतंत्र स्त्री म्हणून अभ्यासकांनी ज्या कथांची चिरफाड केली, त्यातल्या कित्येक मुळात पुरुषाच्या नव्हत्याच. नाव न छापल्याचा तोटा फक्त लेखकाला होतो असं आपण धरून चालतो. इथे वाचनच चुकीच्या पायावर उभं राहिलं.

मार्स्टन १९४७च्या मे महिन्यात गेला. हमेलने त्याच वर्षी लग्न करून काम सोडलं. नवऱ्याला आधीची लहान मुलगी होती आणि तिच्याजवळ घरी राहायचं तिने ठरवलं. हे वाचून हळहळणाऱ्या मैत्रिणी मला भेटल्या आहेत. मी हळहळत नाही. तिचा निर्णय तिचा होता. मात्र तिच्यामागे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. लेखन-संपादन रॉबर्ट कॅनिगर या गृहस्थांकडे गेलं आणि जवळजवळ वीस वर्षं राहिलं. अंकात आधी ‘इतिहासातल्या वंडर वूमन’ अशी खऱ्या कर्तबगार स्त्रियांची सचित्र चरित्रं येत. टेनिसपटू अ‍ॅलिस मार्बल त्या सदराशी जोडलेली होती आणि पहिलं चरित्र फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं होतं. पन्नाशीच्या दशकात त्या जागी जगभरच्या लग्नाच्या चालीरीतींचं सदर आलं. नायिका स्टीव्ह ट्रेव्हरशी लग्न करावं की नाही या विवंचनेत अंकच्या अंक घालवू लागली.

वंडर वूमनच्या कथेवर स्त्री लेखकाचं नाव छापलं जायला १९८३ उजाडलं. तिनशेव्या अंकावर डॅन थॉमस यांचं नाव आहे, तेही पती रॉय थॉमस यांच्यासह. दोन वर्षांनी मिंडी न्यूवेल यांनी काही अंक लिहिले. हमेलने शेवटची संहिता देऊन अडतीस वर्षं झाली होती.

आता मुंबईकडे येऊ. आपल्याकडे सत्तरच्या दशकात चित्रकथा लिहिणाऱ्या स्त्रिया होत्या आणि त्यांची नावं छापली जात होती, हे आधी नमूद करायला हवं. भुलाभाई देसाई रस्त्यावरच्या महालक्ष्मी चेंबर्समधून निघणाऱ्या अमर चित्रकथेत कमला चंद्रकांत या सहयोगी संपादक होत्या. अनंत पै हे त्या मालिकेचा चेहरा, मुलांचे अंकल पै. पण ‘मीराबाई’ची संहिता कमला चंद्रकांत यांची आहे, ‘द्रौपदी’ही त्यांचीच. ‘झाशीची राणी’ माला सिंग यांनी लिहिली आणि हेमा जोशी यांनी चितारली. घोड्यावरची राणी हे चित्र आपल्या घराघरांत आधीपासून होतं. तिची चौकटीचौकटीची गोष्ट मुलांच्या हाती देणाऱ्या दोघीही स्त्रिया होत्या, हे किती वाचकांनी पहिल्या पानावर वाचलं असेल कोण जाणे.

या पुराणकथा आणि इतिहास, सुपरहिरो नव्हेत, असा आक्षेप कोणी घेईल. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर आहे. पण भारतीय सुपरहिरोचं शरीर याच कार्यशाळेत घडलं. ‘द्रौपदी’चे चित्रकार प्रताप मुळीक हे पुण्याचे. पुढे १९८६मध्ये राज कॉमिक्सचा नागराज अवतरला तेव्हा त्याची चित्रं त्यांच्याच हातची होती. हिरव्या खवल्यांच्या नागराजाच्या खांद्यांत आणि महाभारतातल्या योद्ध्यांच्या खांद्यांत नातं दिसतं ते उगीच नाही. वाचणारं मूलही दोन्ही एकाच बैठकीत वाचत होतं. भीम आणि वेताळ यांची कुस्ती लागली तर कोण जिंकेल, यावर आमच्या चाळीच्या जिन्यात तास-तास वाद होत.

स्त्रीने लिहिलं म्हणून नायिका आपोआप मोकळी होते का, याचं उत्तर मात्र अमर चित्रकथा ‘नाही’ असं देते. जॉन स्ट्रॅटन हॉली या अभ्यासकाने १९९५च्या एका निबंधात दाखवून दिलं आहे की, या मालिकेतले संत घरगुती सद्गुणांच्या साच्यात बसवलेले आहेत. ‘मीराबाई’ त्याचं ठळक उदाहरण. लोकपरंपरेतली मीरा सासरशी उघड भांडते, कुळाची लाज झुगारते. चित्रकथेतली मीरा आधी आदर्श पत्नी ठरते, आणि मग कृष्णभक्त. मुलांसाठीची मालिका, आईबाप विकत घेणार, एकूण संपादकीय धोरण राष्ट्रीय एकात्मतेचं. या चौकटीत कमला चंद्रकांत यांनी लिहिलं. त्यांना दोष देऊन मोकळं होता येत नाही आणि त्यांच्या नावाचा झेंडा करूनही चालत नाही. संहितालेखिकेच्या डोक्यावर किती हात असतात, हे अनुवाद करतानाही मला जाणवलेलं आहे. नुसत्या ‘नवरा’ या शब्दाचा ‘पतिदेव’ होऊन आलेला मी पाहिला आहे.

हा हात झुगारण्याचा एक वेगळा मार्ग अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या एका केशरचनाकार बाईने शोधला. गेल सिमोन हे तिचं नाव. स्वतःचं सलून चालवणारी, लहानपणापासून कॉमिक वाचणारी. १९९९मध्ये तिने एक यादी तयार केली. निमित्त होतं १९९४च्या ग्रीन लँटर्नच्या एका अंकाचं. त्यात नायक घरी येतो आणि त्याच्या मैत्रिणीचं प्रेत त्याला शीतकपाटात कोंबलेलं सापडतं. मग नायक खवळतो आणि गोष्ट पुढे जाते. सिमोनने आठवून आठवून लिहिलं: कोणकोणत्या कॉमिकमधल्या स्त्री पात्रांना मारलं, अपंग केलं, त्यांच्या शक्ती काढून घेतल्या, आणि हे सगळं कोणा पुरुष नायकाला चेव आणण्यासाठी. यादी लांबत गेली. ‘शीतकपाटातल्या बायका’ या नावाने ती ओळखली जाऊ लागली. तिने ती थेट लेखक-चित्रकारांना पाठवली आणि विचारलं की याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे. उत्तरं आली. पुरुष पात्रंही मरतातच की, हे त्यातलं एक. त्याला जॉन बार्टल नावाच्या वाचकाने दिलेलं प्रत्युत्तर मार्मिक होतं: पुरुष नायक मरतात खरे, पण ते पूर्वीपेक्षा धडधाकट होऊन परततात, बायका परतल्याच तर अधू होऊन.

टीकाकाराने टीका करून घरी बसावं, अशी अपेक्षा असते. सिमोन बसली नाही. विनोदी सदर, मग सिम्प्सन्सचे अंक, २००२मध्ये डेडपूल, आणि २००३पासून ‘बर्ड्‌स ऑफ प्रे’ ही स्त्री नायिकांच्या टोळीची मालिका. तिथे तिच्या हाती आलेलं पात्र होतं बार्बरा गॉर्डन, आणि या पात्राचा इतिहास तिच्या यादीतलाच होता. १९८८च्या ‘द किलिंग जोक’मध्ये जोकर तिच्यावर गोळी झाडतो. पाठीचा कणा जायबंदी होतो. कथेला तिच्याशी काही देणंघेणं नाही. तिच्या वडिलांना आणि बॅटमॅनला छळायचं आहे. पात्र तिथे संपल्यातच जमा होतं. पण किम येल ही लेखिका आणि तिचा नवरा जॉन ऑस्ट्रँडर यांना ते पटलं नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी चाकांच्या खुर्चीतल्या बार्बराला ‘ऑरॅकल’ म्हणून परत आणलं. मुळात ग्रंथपाल असलेली बार्बरा आता संगणकासमोर बसून सगळ्या नायकांना माहिती पुरवते, तिच्याशिवाय कोणाचं पान हलत नाही. येल १९९७मध्ये कर्करोगाने गेली. सिमोनने तिचं काम पुढे नेलं. तिच्या कथांत ऑरॅकलची मैत्री, चिडचिड, पगारपाण्याचे प्रश्न, सगळं येतं. मला तिच्या लेखनात सर्वांत आवडतं ते हे, की तिच्या नायिका एकमेकींशी पुरुषांखेरीज इतर विषयांवर बोलतात आणि त्या बोलण्यात विनोद असतो. सलूनमध्ये वर्षानुवर्षं खुर्चीमागे उभं राहून ऐकलेलं संभाषण तिथे कामी आलं असावं, असा माझा कयास आहे.

२००७च्या अखेरीपासून २०१०पर्यंत तिने वंडर वूमन लिहिली. सलग इतके अंक लिहिणारी ती पहिली स्त्री म्हणून सांगितली जाते. हमेलचं नाव तोवर फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. २०११मध्ये कंपनीने सगळ्या मालिका नव्याने सुरू केल्या आणि बार्बरा पुन्हा चालती, पुन्हा बॅटगर्ल झाली. लेखिका सिमोनच. चाकांच्या खुर्चीतली एकमेव मोठी नायिका हिरावून घेतली म्हणून अपंग वाचक चिडले, आणि त्यांचं म्हणणं साफ रास्त होतं. पात्र कंपनीचं असतं, हे इथे पुन्हा आडवं येतं. निर्णय वरचा, शब्द लेखिकेचे, रोष दोघांवर. डिसेंबर २०१२मध्ये तिला ईमेलने कळवण्यात आलं की बॅटगर्लवरून तुम्हाला काढलं आहे. वाचकांनी इतका गदारोळ केला की पंधरवड्याच्या आत तिला परत घेतलं गेलं. त्याच वाचकांतले काही वर्षभरापूर्वी तिच्यावर चिडलेले होते. पुढल्या वर्षी तिने बार्बराबरोबर एकाच घरात राहणाऱ्या अलिशिया योह या मैत्रिणीला तृतीयपंथी म्हणून समोर आणलं. गाजावाजा न करता, दोघी बोलत बसलेल्या असताना.

याच सुमाराला सुपरहिरो शहराच्या मध्यातून उपनगरात सरकू लागला होता. जी. विलो विल्सन यांनी लिहिलेली ‘मिस मार्व्हल’ २०१४मध्ये आली. तिची नायिका कमला खान न्यू जर्सीत राहते. नदीपलीकडे मॅनहॅटन दिसतं, पण जायचं तर गाडी पकडावी लागते. आईचा धाक, मशिदीतले मौलवी, मैत्रिणीच्या पार्टीला जाण्याची बंदी. संपादक सना अमानत यांच्या स्वतःच्या बालपणातलं बरंच काही त्यात आहे. पहिल्या खंडाला २०१५चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. बोरिवली किंवा मुलुंडच्या मुलीला ही भूगोलाची मांडणी समजावून सांगावी लागत नाही. ‘टाउनला’ जाणं म्हणजे काय, हे तिला ठाऊक असतं.

आपल्याकडे ‘टिंकल’ आणि अमर चित्रकथेचं कार्यालयही काही काळ अंधेरी पूर्वेला मरोळ-मरोशी रस्त्यावर होतं. ‘टिंकल’च्या मुख्य संपादक तेव्हा रजनी थिंडियथ होत्या. त्यांच्या कारकिर्दीत आलेली ‘विंग स्टार’ ही ऐजॉलची तेरा वर्षांची मापुई कावलिम: वडिलांनी बनवलेले पंख लावून उडते आणि मनातून तिला इतर मुलींसारखा मोकळा वेळ हवा असतो. मिझोरमची मुलगी मुलांच्या मासिकात नायिका होणं ही तोवर न घडलेली गोष्ट होती. लेखक शॉन डिमेलो, चित्रकार विनीत नायर, दोघेही पुरुष. संपादकाच्या खुर्चीत स्त्री असली की लेखणी कोणाच्याही हातात असो, काय मंजूर होतं ते बदलतं, हे मेयर-हमेल जोडीच्या उलट्या बाजूने इथे पाहायला मिळतं. जाता जाता आणखी एक: सुपांडीचे मूळ चित्रकार राम वाईरकर; त्यांच्यानंतर त्यांची मुलगी अर्चना आंबेरकर सुपांडी काढू लागली. मराठी घरातला हा वारसा आपल्या नियतकालिकांनी फारसा नोंदवलेला नाही.

‘प्रिया’ची गोष्ट अधिक गंभीर. दिल्लीतल्या २०१२च्या घटनेनंतर राम देवीनेनी यांनी ‘प्रियाज शक्ती’ हे कॉमिक काढलं. डिसेंबर २०१४मध्ये ते आलं. नायिका बलात्कारातून वाचलेली, वाहन वाघ, त्याचं नाव साहस. पाठीशी पार्वती. दुसरा भाग ‘प्रियाज मिरर’ २०१६चा, अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांबद्दल. त्याच्या लेखनात मुंबईच्या पारोमिता वोहरा सहभागी होत्या. मुंबईतल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांवर ‘क्यूटूपी’ हा माहितीपट करणाऱ्या याच त्या दिग्दर्शिका. बाईला शहरात लघवीला जायला जागा नसते, या विषयावर तासभर लोकांना हसवत-अस्वस्थ करत ठेवणारी व्यक्ती सुपरहिरोकडे वळते, तेव्हा खलनायक कसा असतो? त्याचं नाव अहंकार. तो जखमी स्त्रियांना कोंडून ठेवतो ते त्यांच्या भल्यासाठी, बाहेरचं जग क्रूर आहे म्हणून. मला हा खलनायक फार ओळखीचा वाटला. अशा कोंडण्याला आपल्याकडे काळजी म्हणतात. प्रिया त्या स्त्रियांसमोर आरसा धरते. मारामारीला इथे दुय्यम जागा आहे. शीतकपाटाच्या यादीत शोभेल असा आरंभ असलेलं पात्र इथे दुसऱ्या कोणाच्या सूडाचं निमित्त होत नाही.

जॉय हमेलला २०१८मध्ये सॅन डिएगोला पुरस्कार मिळाला. वय चौऱ्याण्णव. पुरस्काराचं नाव बिल फिंगर पुरस्कार, ज्याचं नाव बॅटमॅनने इतकी वर्षं दडवलं त्याचंच. सत्याण्णवावा वाढदिवस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिल २०२१ रोजी ती वारली.

राहता राहिली मराठी. सुपरहिरोची गोष्ट मराठीत आणताना एक अडचण येते, तिच्याबद्दल कोणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवते. मुखवट्यामागे कोण आहे हे लपवणं हा या प्रकाराचा प्राण. इंग्रजीत मुखवटाधारी ‘मी येतोय’ म्हणाला काय की ‘येतेय’, वाक्य एकच. मराठीत क्रियापद लगेच चहाडी करतं. (कोल्हापूरकडच्या मुली ‘मी येतो’ म्हणतात; मुलुंडच्या वाचकाला ते चालत नाही.) मग वाटा शोधाव्या लागतात. भविष्यकाळ सुरक्षित: ‘मी येईन.’ सकर्मक भूतकाळ त्याहून चांगला: ‘मीच त्याला सोडवलं’ हे स्त्री म्हणेल, पुरुषही म्हणेल. ‘मला माहीत आहे’ चालतं. ‘मी पाहिलं’ चालतं, ‘मी पळाले’ चालत नाही. अख्ख्या गोष्टीत मुखवटाधारी व्यक्तीला गेलो-आलो म्हणू द्यायचं नाही. पहारेकऱ्यांना मात्र खुशाल ‘कोण होता तो?’ असं विचारू द्यायचं. ते तसंच विचारणार. शिवाय फुगे इंग्रजीच्या मापाने काढलेले. आपल्या वेलांट्या-उकारांना ओळीच्या वर-खाली जागा लागते, त्यामुळे सात ओळींचा मजकूर पाचात बसवायचा.

अशा एका गोष्टीत मुखवटा शेवटच्या पानावर उतरत होता. आत मुलगी. अठ्ठावीस पानं मी क्रियापदं सांभाळत आणली होती, आणि त्या फुग्यात पहिल्यांदा ‘मी आले’ असं लिहिलं होतं. जुळणी करणाऱ्याने सवयीने ते ‘मी आलो’ केलं. पानं छपाईला निघण्याच्या बेतात होती. मुलुंडहून गाडी पकडून मी गेले, तर म्हणे आता बदल होणार नाही, ब्रोमाइड चिकटवून झालं. बदल एवढाच होता की ‘लो’तला काना काढायचा, मात्रा तशीच ठेवायची. पेस्टिंग करणाऱ्या मुलाकडून ब्लेड मागून घेतलं आणि तो खरवडून टाकला. दोन मिनिटं लागली.